दुधाच्या पिशवीवर तारीख असते, मोबाईलच्या खोक्यावर का नाही?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्रास कारण की, २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर नवा मोबाईल घ्यायचा म्हणून बाहेर पडलो आणि तीन आठवडे नुसता फिरत राहिलो, आणि त्या तीन आठवड्यात जे कळलं ते तुमच्या पेपरात कधी वाचल्याचं मला आठवत नाही, म्हणून लिहितोय. मी काय लिहिणारा माणूस नाही, मंगळवार पेठेत घरोघरी दूध टाकतो, बावीस वर्षं झाली. हे पत्रपण फोनवर माईकचं बटण दाबून बोललोय, त्यामुळं वाक्य कुठं तुटलं आणि स्वल्पविराम कुठं पडला ते त्या फोनलाच माहिती, सांभाळून घ्या.

माझा जुना फोन २०१८ च्या दिवाळीतला. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांनाच कशाला, सगळ्यांची तीच तऱ्हा. फोन एक नंबर होता. २०१९ चा महापूर बघितला त्यानं. पंचगंगेनं ४३ फुटाची धोक्याची खूण कधीच मागं टाकलेली, शिरोलीजवळ हायवे पाण्यात, दुधाच्या गाड्या अडकलेल्या, तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावून तोच फोन खिशात असायचा आणि "आज दूध नाही" एवढं साठ घरांना कळवायचं काम त्यानं केलं. पडलाय किती वेळा त्याचा हिशोब नाही. काचेला एक तडा, बाकी धडधाकट.

आणि २०२५ च्या सप्टेंबरात एका सकाळी तो गेला. गेला म्हणजे बंद पडला नाही हां, चालूच होता, फोन लागत होता, टॉर्च लागत होती, फक्त बँकेचं ॲप उघडलं की इंग्रजीत एक पाटी यायची की तुमच्या फोनची सिस्टीम जुनी झाली, हे ॲप आता ह्याच्यावर चालणार नाही. आता माझ्यासारख्याचं बँकेचं ॲप बंद म्हणजे काय ते सांगतो. महिन्याच्या एक ते पाच तारखेत सगळ्या घरांचे पैसे येतात, निम्मे लोक स्कॅन करून टाकतात आणि "टाकले हो" म्हणून वरच्या मजल्यावरनंच ओरडतात, ते आले का नाही आले हे मी जिन्यात उभं राहून बघणार कुठं?

रिपेरीवाल्याकडं गेलो. म्हटलं बघ बाबा काय झालंय. तो म्हणाला, "काका, ह्याला काय बी झालेलं न्हाई. अँड्रॉइड आठ हाय, फुडचं येणार न्हाई." म्हटलं येणार नाही म्हणजे? "कंपनीनं बंद केलं." कधी? मग त्यानं सेटिंगमध्ये आत-आत जाऊन एक ओळ दाखवली, सिक्युरिटी पॅच, म्हणजे चोरासाठीची भोकं बुजवणारं शेवटचं अपडेट, आणि पुढं तारीख: जून २०१९.

संपादक साहेब, मी फोन घेतला नोव्हेंबर २०१८ ला. म्हणजे आठ महिने. त्याच्यापुढं सहा वर्षं मी नासलेलं दूध वापरत होतो आणि मला वाससुद्धा आला नाही! त्याच फोनवर बँक, त्याच्यावरच यूपीआय, त्याच्यावरच पोरीच्या फीचे पैसे.

मग डोक्यात उजेड पडला की त्या दिवाळीला दुकानदारानं तीन हजार सूट का दिली होती. मॉडेल २०१७ चं होतं. माझ्यासाठी फोन नवा, खोकं नवं, त्याच्यावरची पन्नी मी स्वतः काढली, पण कंपनीचं घड्याळ मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून चालू झालेलं. आपण कधी घेतो त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ही एक गोष्ट जर मला २०१८ ला कोणी सांगितली असती तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. तारीख जवळ आलेली पिशवी आमच्याकडंपण कमी पैशात जाते, नाही असं नाही, पण "काकू, ही आजच्या आज आटवा, बासुंदीला घ्या, उद्यावर ठेवू नका" असं तोंडानं सांगून जाते. न सांगता दिली तर दुसऱ्या दिवशी काकू पिशवीसकट दारात उभ्या राहतात.

तर नवीन फोन घ्यायचं ठरलं आणि घरात अधिवेशन भरलं. पोरगं कॉलेजला आहे, त्याला वाटलं पप्पा आता आयफोन घेतील आणि सहा महिन्यांनी आपल्याकडं येईल. भाच्याला मोबाईलमधलं सगळं कळतं असं त्याचं स्वतःचं मत आहे, तो म्हणाला मामा कॅमेरा बघा आणि चार्जिंग बघा बाकी काय बघू नका. तालमीच्या कट्ट्यावर तर प्रत्येकानं आपापल्या खिशातला फोन काढून हाच घे लगा, नाद खुळा हाय, असं सांगितलं, माणूस आपण केलेली चूक दुसऱ्यानं केली की जरा निवांत होतो असं मला वाटतंय. आणि पोरगी पुण्यात नोकरीला, तिनं फोनवर एवढंच विचारलं, "पप्पा, अपडेट कधीपर्यंत देणार हे विचारलंत काय?" बस. तिचं हे एक वाक्य घेऊन मी राजारामपुरीत शिरलो.

चार दुकानं केली. चारीकडं पोरं चांगली, पाणी विचारलं, चहा विचारला, काका-काका करून पाच-पाच फोन मांडले. आणि प्रत्येक फोनची आरती पाठ. पन्नास मेगापिक्सेल, पाच हजार एमएएच, सदुसष्ट वॅट, आठ अधिक आठ सोळा जीबी रॅम. मी म्हटलं अपडेट किती सालापर्यंत? पहिल्या दुकानात पोरगं म्हणालं, "येतात की काका, येतच राहतात." दुसऱ्या दुकानात म्हणालं लाईफटाईम. तिसऱ्यानं खरं सांगितलं, म्हणाला माहिती नाही, आजवर कुणी विचारलंच नाही. चौथ्यानं गूगल करून बघितलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "ह्याचं पुढल्या वर्षी संपतंय वाटतं काका."

आठ अधिक आठ सोळा हे काय प्रकरण आहे म्हणून मी पोरीला विचारलं. तर खरी रॅम आठच. वरची आठ म्हणजे फोनच्या साठवणीतली जागा रॅम म्हणून दाखवलेली, आणि ती साठवण खऱ्या रॅमपेक्षा किती तरी मंद. आमच्या धंद्यात ह्याला पाणी घालणं म्हणतात साहेब. फरक एवढाच की आम्ही घातलं तर लॅक्टोमीटर लावून पकडतात, आणि हे मोठ्या अक्षरात जाहिरातीत छापतात.

मेगापिक्सेलचं पण तसंच. भाचा मला रंकाळ्यावर घेऊन गेला, संध्याकाळची वेळ, त्याच्या फोननं फोटो काढून दाखवला, म्हणाला बघा मामा पन्नास मेगापिक्सेल. फोटो चांगला होता, खोटं कशाला बोला. पण घरी येऊन फोटोची साईज बघितली तर साडेबारा. कारण हे फोन चार बारके पिक्सेल एकत्र करून एक मोठा करतात, अंधारात त्यामुळंच फोटो बरा येतो, ही युक्ती चांगलीच आहे, पण मग बोर्डावर साडेबारा लिहा की. दोनशे मेगापिक्सेलवालेपण सोळाचा एक करून तिथंच येतात, साडेबाराला. आणि मागं तीन-चार डोळे दिसतात त्यातला एखादा दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळनं फोटो काढायचा, असतो, तो डोळ्यांची संख्या वाढवायला. भाच्याच्या फोननं तांबड्या रश्श्याचा फोटो काढला तर रस्सा केशरी आला, हे मात्र मी त्याला अजून ऐकवतोय.

दुधाच्या पिशवीवर काय-काय असतं बघा कधी. फुल क्रीम असेल तर फॅट ६, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग, ९. टोन्ड असेल तर फॅट ३, एसएनएफ साडेआठ. एमआरपी, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, कुठं भरलं तो पत्ता, तक्रारीचा नंबर. पस्तीस-चाळीस रुपयाची अर्ध्या लिटरची पिशवी. मोबाईलच्या खोक्यावरपण कायद्यानं एमआरपी, कुठल्या महिन्यात कुठल्या साली बनवला, तक्रार कुठं करायची हे छापावं लागतं, पॅकबंद मालाचे २०११ चे नियम आहेत त्यात. कधी बनवला ते आहे, कधी मरणार तेवढं नाही.

आणि मरायची तारीख कंपनीला माहिती नसते असं नाही. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची शेवटची तारीख १४ ऑक्टोबर २०२५ म्हणून किती तरी आधी सांगून ठेवली होती, आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यालासुद्धा पाठ होती, तो सहा महिने आधीपासून रडत होता. मोबाईलमध्येपण ज्यांना सांगायचंय ते सांगतातच. गूगलनं पिक्सेल ८ आणला ऑक्टोबर २०२३ ला, तेव्हा सात वर्षं अपडेट देणार म्हणून सांगितलं. सॅमसंगनं जानेवारी २०२४ ला एस२४ आणला, त्यालाही सात. आता तुम्ही म्हणाल हे सगळे महागडे फोन, तर तसं नाही, सॅमसंगच्याच ए१६ ५जी आणि ए१७ ५जी ह्या बारक्या फोनांनापण सहा वेळा नवं अँड्रॉइड आणि सहा वर्षं सिक्युरिटी आहे. म्हणजे वीस हजाराच्या आतपण देता येतं. मग बाकीच्यांनी पंचवीस-तीस हजार घेऊन दोन वर्षं का द्यायचं, ह्याचं उत्तर मला कुठल्याच दुकानात मिळालं नाही.

इथं एक घोळ आहे तो सांगितला पाहिजे कारण मी स्वतः फसता-फसता वाचलो. अपडेट दोन जातीचे. एक नवं अँड्रॉइड, म्हणजे चौदाचं पंधरा, पंधराचं सोळा, त्यात दिसायला बदल होतो, नवीन सोयी येतात. दुसरं सिक्युरिटी, ते दिसत नाही, चोराला सापडलेली भोकं बुजवणं एवढंच काम. जाहिरातीत कधी पहिल्याचा आकडा सांगतात कधी दुसऱ्याचा, जो मोठा असेल तो. भाच्यानं सुचवलेल्या फोनाला नवं अँड्रॉइड दोनदाच होतं आणि सिक्युरिटी चार वर्षं. मला सिक्युरिटीचा आकडा जास्त मोलाचा वाटतो कारण बँक त्याच्यावर आहे, पण अँड्रॉइड लई मागं राहिलं तरी ॲपवाले पाटी लावतातच, माझ्यासारखी. व्हॉट्सॲपला २०२३ च्या ऑक्टोबरपासून कमीत कमी अँड्रॉइड पाच लागायला लागलं, त्याच्या खालचे फोन त्या दिवशी बाजूला पडले. तेव्हा दोन्ही विचारायचं.

मग मी माझ्या पद्धतीनं हिशोब मांडला, वहीत, उधारीच्या पानाच्या मागं. किंमत भागिले राहिलेली वर्षं. राहिलेली हां, एकूण नव्हे, मॉडेल बाजारात कधी आलं त्या महिन्यापासून मोजून. भाच्याचा फोन एकवीस हजार, मॉडेल वर्षाभरापूर्वीचं, सिक्युरिटीची चारातली तीन वर्षं शिल्लक, म्हणजे वर्षाला सात हजार. ए१६ आपल्याकडं ऑक्टोबर २०२४ ला आला, दुकानदारानं मला पंधरा हजार सांगितले, पाच वर्षं शिल्लक, वर्षाला तीन हजार. ए१७ २०२५ च्या ऑगस्टच्या शेवटी आला, त्याचे सांगितले साडेसतरा, पावणेसहा वर्षं शिल्लक, परत वर्षाला तीन हजार आणि वर थोडे. म्हणजे दर तोच, मापात फरक. हे गणित मांडल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, कारण हे आमचंच गणित आहे, लिटरला किती पडलं.

पोराच्या आयफोनचंपण मांडलं, उगाच त्याला वाटायला नको की बापानं बघितलंच नाही. आयफोन १४, १५, १६ तिन्ही आपल्याकडं आले तेव्हा ७९,९०० लाच आले. २०२५ च्या सप्टेंबरात १७ आला ८२,९०० ला, तेव्हा १६ खाली आला ६९,९०० वर. पोराचं म्हणणं १५ नको १६ च घ्या, कारण १५ मध्ये ॲपलचं ते नवीन एआय चालत नाही, रॅम सहा आहे, १६ ला आठ. बरं. ॲपल इथं छातीठोक वर्षं सांगत नाही पण देते बऱ्यापैकी, २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ चं आयओएस १८, म्हणजे आयफोनची नवी सिस्टीम, मिळालं होतं. तसं सात वर्षं धरली तर १६ ची सहा शिल्लक, वर्षाला साडेअकरा हजाराच्या वर. पोरगं गप्प बसलं. मी म्हटलं सत्तर हजारात आणखी थोडी भर घातली तर गाभण म्हैस येते, ती दूध तरी देईल. तर म्हणतं कसं, "पप्पा, हप्त्यानं घेऊया की, बिनव्याजी आहे."

बिनव्याजीचं थोडक्यात सांगतो. व्याज असतं. बँक लावते. तेवढी रक्कम आधी सूट म्हणून वजा करून दाखवतात म्हणून आपल्याला दिसत नाही. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र आपल्याच खिशातनं जातो, प्रोसेसिंग फी वेगळी, आणि रोखीनं घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती त्यातच मुरते. एवढं करून हप्ता चोवीस महिन्याचा आणि फोनची सिक्युरिटी अठरा महिन्याची असला प्रकारपण मी एका दुकानात बघितला, पोराला बाजूला घेऊन दाखवला.

जीएसटीवरनं आठवलं. २०२५ च्या २२ सप्टेंबरला नवे दर आले तेव्हा निम्मी गिऱ्हाईकं मला विचारायची दूध किती उतरलं. पिशवीतल्या साध्या दुधावर आधीपासनंच काही नव्हता, मग उतरणार काय? पॅकिंगमधल्या पनीरचा शून्य झाला, तूप-लोणी बारावरनं पाचावर आलं. मोठे टीव्हीपण उतरले, २८ वरनं १८. मोबाईल होता तिथंच राहिला, १८ ला, जो १ एप्रिल २०२० च्या आधी १२ होता. तरी दुकानाबाहेर "जीएसटी कपात धमाका" म्हणून बोर्ड! मी विचारलं कसली कपात, तर पोरगं म्हणालं काका ते टीव्हीचं आहे. बोर्डावर फोटो मोबाईलचा.

आता पाणी. मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच, कारण जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे साडेचारला रेनकोट घालून निघायचं, हात ओले, पिशव्या ओल्या, आणि बरोबर तेव्हाच कुणाचा तरी मेसेज, आज अर्धा लिटर जादा. फोन धूळ-पाणी किती सोसेल त्याचा आयपी म्हणून आकडा असतो, दुकानात आयपी६८ म्हटलं की पाण्यात टाका म्हणतात. तसं नाही. ५४ मधला चार म्हणजे चारी बाजूंनी उडालेलं पाणी. ६७ मधला सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ६८ ला त्याच्या पुढं, किती ते कंपनी सांगेल तसं. आणि ही परीक्षा साध्या पाण्यात, कोऱ्या फोनवर होते, माझ्यासारख्याच्या हातनं चार वेळा जिन्यात पडलेल्या फोनवर नव्हे. शिवाय पाणी आत गेलं तर बहुतेक सगळ्यांची वॉरंटी हात वर करते. आणि ओल्या बोटाला टच ओळखणं ही तर निराळीच गोष्ट, ती कुठल्याच आकड्यात येत नाही, ती मी दुकानात बाटलीतलं पाणी बोटाला लावून बघितली. पोरगं जरा घाबरलं. पण बघायची ती अशीच बघा, मी तर म्हणतो. मला तसा ५४ पुरे, गेली सात वर्षं रबर लावलेल्या पिशवीवर काढलीयत.

मधेच मेव्हण्यानं एक वापरलेला फोन आणला, स्वस्तात, कुणाचा तरी कुणाचा तरी. ह्याबाबतीत मात्र सरकारनं चांगली सोय केलीय आणि ती लोकांना माहिती नाही. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर येतो, मग केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो नंबर, आणि मेसेज १४४२२ ला. संचार साथी ह्या सरकारी वेबसाईटवरपण बघता येतं. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं. मेव्हण्याला म्हटलं थांब दोन मिनिटं, मेसेज करून बघतो, तर त्यानं फोन उचलून खिशात घातला आणि चहासुद्धा न घेता गेला. मी काय समजायचं ते समजलो.

बॅटरीचं राहिलं. हे पोरीलापण सुचलं नव्हतं, हे मला सुचलं. अपडेट सहा वर्षं, कबूल, पण बॅटरी? युरोपात २० जून २०२५ पासून नियम झालाय की बॅटरी ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही तिच्यात ८० टक्के दम राहिला पाहिजे. म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या नियमातपण ८००. रोज एकदा चार्ज धरला तर सव्वादोन वर्षं नाहीत पुरी. म्हणजे सहा वर्षाच्या फोनाला मधे एकदा तरी, कदाचित दोनदा, बॅटरी बदलावी लागणार. ती कितीला? कुठं? चारी दुकानात विचारलं, एकालाही सांगता आलं नाही. एका कंपनीचं कोल्हापुरात सर्व्हिस सेंटरच नाही, फोन पुण्याला पाठवतात, दहा-बारा दिवस. दहा-बारा दिवस मी काय करू, पत्रं पाठवू काय गिऱ्हाईकांना? मोबाईल घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला जाऊन नुसतं बसून या तासभर, किती लोक येतात आणि कसली तोंडं करून जातात ते बघा, दुकानातल्या तासाभरापेक्षा जास्त कळतं. मी बसलो होतो.

आणि हा युरोपचा नियम नुसता बॅटरीचा नाही. कंपनीनं मॉडेल विकायचं थांबवलं त्या दिवसापासून पुढं पाच वर्षं अपडेट द्यायचे. आपण घेतो तेव्हापासून नाही, बाजारात आलं तेव्हापासून नाही, विकायचं बंद केल्यापासून! म्हणजे माझ्यासारखा शेवटच्या दिवशी सूट बघून घेणारा पण पाच वर्षं निर्धास्त. शिवाय फोनाबरोबर लेबल, आपल्या फ्रीजवर स्टार असतात तसं, बॅटरी किती टिकेल ते आकड्यात, पडला तर किती सोसेल आणि रिपेर होणं किती सोपं ते अक्षरं लावून. ब्रिटनमध्ये २०२४ च्या २९ एप्रिलपासून कायदा आहे की सिक्युरिटी अपडेट कमीत कमी कुठवर देणार ते सांगितल्याशिवाय फोन विकायचाच नाही. त्याच्यामुळं ॲपललापण तिथं बोलावं लागलं, आयफोन १५ प्रो मॅक्सला कमीत कमी पाच वर्षं म्हणून. म्हणजे तोच फोन, तीच कंपनी, तिथं तोंड उघडते. आपल्याकडं ग्राहक मंत्रालयानं २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल केलं, चांगलं झालं, पण ते बघायला फोन घेतल्यावर जातं माणूस. खोक्यावर एक ओळ हवी.

खोक्याचं दिल्लीवाले बघतील तेव्हा बघतील. तुमच्याकडं माझं मागणं बारकं आहे. तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला नव्या मोबाईलची बातमी येते, मी वाचतो, रंग किती, मेगापिक्सेल किती, वॅट किती, वर एखाद्या नटीच्या हातात फोन. त्याच चौकटीत दोन ओळी वाढवा: सिक्युरिटी अपडेट कुठल्या महिन्यापर्यंत, आणि बॅटरी कोल्हापुरात कुठं कितीला बदलून मिळते. कंपनीनं सांगितलं नाही तर "सांगितलं नाही" असं छापा, तेवढ्यानंपण लई फरक पडेल, कारण "सांगितलं नाही" छापलेलं कुठल्याच कंपनीला आवडत नाही. आणि राजारामपुरी, शाहूपुरीतल्या दुकानदारांना तुमच्या पेपरातनं सांगणं की किंमतीच्या चिठ्ठीवर एक तारीख लिहा, तुमची विक्री काय कमी होणार नाही, उलट माझ्यासारखं गिऱ्हाईक चार दुकानं फिरत बसणार नाही आणि तुमचा चहा वाचेल. कुणी लाईफटाईम सांगून गळ्यात मारला तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे, हेही त्याच चौकटीत येऊ द्या.

मी शेवटी ए१७ घेतला. दर तोच पडत होता, मग माप मोठं बघितलं. चार्जर खोक्यात नव्हता, तो वेगळा घ्यावा लागला, हे काय आता नवीन राहिलं नाही. भाचा म्हणाला मामा चार्जिंग लई स्लो आहे, म्हटलं असू दे, मी रात्री साडेआठला झोपतो, फोनलापण झोपू दे. जुन्याचे दुकानात नऊशे देत होते, दिला नाही, बँकेचं आणि पैशाचं सगळं काढून टाकलं आणि आता तो रेडिओ म्हणून आमच्या हिच्या स्वयंपाकघरात आहे, अजून ठणठणीत.

बिल करताना त्या पोराला म्हटलं ह्याच्या पाठीवर तारीख लिहून दे. त्याला वाटलं चेष्टा करतोय. मग मी दुकानातलंच किंमतीचं पांढरं लेबल मागून घेतलं, त्याच्यावर "ऑगस्ट २०३१" लिहिलं आणि पाठीवर चिकटवलं. दुसऱ्याच पहाटे ओल्या हातानं शाई पसरली, आता मार्करनं लिहिलंय, दुकानातलं ते पोरगं परवा रस्त्यात भेटलं तर म्हणालं काका, त्या दिवसापासून तिघांनी मला हेच विचारलं, तुम्हीच पाठवलंत काय?

आपला,
एक दूधवाला
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. – पत्र वाचून बघायला शेजारच्या वहिनींकडं दिलं होतं, त्यांनी पहिलं काम काय केलं तर स्वतःच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सिक्युरिटी पॅच बघितलं. मार्च २०२३. फोन २०२४ च्या पाडव्याला घेतलाय. भाऊजी कामावरनं यायचेत अजून.